पूल खाली, मग जा

त्याच्यापेक्षा मी दोन वर्षांनी मोठा, अंगानं दीडपट, आणि रस्ता त्याच्या दसपट पाह्यलेला. हे आधीच लिहून ठेवतो. नाहीतर वाचणाऱ्याले वाटायचं, म्हातारा कोणाची आरती ओवाळून राहिला. तसं काही नाही. तो माणूस मले कधी आवडला नाही. आजही आवडत नाही.

त्याचं नाव सांगत नाही. यार्डात सारे त्याले बाबू म्हणत, मीही बाबूच म्हणतो.

आमचा मालक अवजड माल नेणारा. अवजड म्हणजे पोतेबिते नाही. बुटीबोरीकडे कारखान्यात तयार झालेला ट्रान्सफॉर्मर, नाहीतर वीज केंद्रात बसवाचं यंत्र, असा माल. तो निघाला की अख्खा रस्ता त्याचा. दुसऱ्या गाड्यांनी बाजूले व्हायचं, गावातल्या तारा काठीनं उचलाच्या, आणि माणूस पायी चालते तितक्या वेगानं जायचं. असा माल साध्या कागदावर जात नाही. लांबी, रुंदी, उंची, वजन लिहून राज्याराज्याचा वेगळा परवाना काढावा लागे. आणि नागपूर पडलं मधात. इथून कोणत्याही दिशेनं निघा, मध्य प्रदेश नाहीतर छत्तीसगड नाहीतर तेलंगणा वाटेत उभंच. इकडचा परवाना शुक्रवारी संपे, तिकडचा सोमवारी सुरू होये. मधले दोन दिवस माल हद्दीवर, ड्रायवर झाडाखाली.

हे दोन कागद एका वारी आणणे, हे बाबूचं काम. माल पोचवणे, हे माझं. शहाण्णव चाकांचा ट्रेलर मी चालवला आहे. मागे न पाहता सांगत होतो कोणतं चाक रडून राहिलं. आता मले सांगा, यातलं मोठं काम कोणतं? पण हापिसात पंख्याखाली खुर्ची होती एकच, आणि ती बाबूची होती.

तो उमरेडचा, कोष्ट्याच्या घरचा. बापाचा हातमाग होता. माग गेला, पण बाबूच्या खिशातून सूत काही गेलं नाही. त्याच्या खुर्चीमागे भिंतीवर खिळ्यांची रांग, आणि एकेका खिळ्याले एकेक लांब धागा टांगलेला. एक धागा म्हणजे एक रस्ता. पूल आला की साधी गाठ, तार आली की दुहेरी गाठ, हद्द आली की लाल सूत गुंडाळलेलं. कोणी विचारलं, बाबू, छिंदवाड्याकडे काय काय लागते, की तो धागा काढे, डोळे मिटे आणि बोटानं चाचपत जाये. "इथं तार लोंबते. इथं वळण, डावीकडे घर आहे, ओट्यावर बाई बसून राहते, तिले आधी सांगजा." जो रस्ता मी चाळीस वेळा अंगानं गेलो, तो हा माणूस खुर्चीत बसून बोटानं जाये. आणि बरोबर जाये. दुखणं तेच होतं.

त्याचे चाळे लोक हसून सांगतात, पण मले हसू येत नव्हतं. ट्रेलरवर चढाचं असलं की चपला काढून चढे. मालाले माल म्हणे ना ट्रान्सफॉर्मर. पाहुणा म्हणे. "पाहुणा किती टनाचा?" "पाहुण्याची उंची मी सुतानं पाहतो, कारखान्याच्या कागदावर भरोसा नाही." माल हद्दीवर अडकला की याले जेवण जात नसे. "पाहुण्याले दारात उभं ठेवत नाहीत भाऊ," म्हणे, आणि फोन लावून बसे. एका हातात इकडच्या कार्यालयाचा फोन, दुसऱ्या हातात तिकडच्या. दोन्ही फोन एकमेकांच्या तोंडाले तोंड लावून टेबलावर ठेवे. "साहेब, मी मधात नाही. तुम्हीच बोला त्यांच्याशी." दोन राज्यांचे दोन साहेब, जे कागदावर वर्षानुवर्षं भांडत, ते अशा उलट्यासुलट्या फोनात घरच्या गोष्टी बोलाले लागत. एकाच्या पोरीचं लग्न जबलपूरले ठरलं, तर पत्रिका बाबूले आली. मले नाही आली. त्यांच्या दारातून वीस वर्षं माल मी नेला.

भिंतीवर त्याचे तीन कॅलेंडर. तीन राज्यांच्या सुट्ट्या वेगळ्या, म्हणून. मी एकदा म्हणलं, "बाबू, सण तरी किती राज्यांचे साजरे करता?" तर म्हणे, "ज्याच्या दारातून जायचं त्याचा सण माहीत पाहिजे भाऊ. कागद सरळ तर चाक सरळ."

मी म्हणलं, "कागदाले ब्रेक नसते."

सारे हसले. तोही हसला. मी बोललो की तो हसे, आणि ते हसणं खरं असे. त्याचा मले अजून राग येते.

घरीही सुटका नव्हती. दसऱ्याले गाड्यांची पूजा असे, तेव्हा बायका यार्डात येत. आमच्या हिनं एकदाच त्याले पाह्यलं आणि घरी येऊन म्हणे, "ते बाबू किती सावकाश बोलतात जी. तुम्ही बोलता तर वाटते, गाडी मागे घेऊन राहिले." त्या हिवाळ्यात कोथिंबिरीची सांबारवडी केली तर पहिला डबा बाबूचा भरला. मी म्हणलं, माझ्या अंदाजानं नवरा मी आहे. म्हणे, "तुम्ही तर खातच राहता. त्यांची बायको आजारी राहते." तीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्यासाठी डबा आधी भरला असा एक दिवस मले आठवत नाही. असेल. आठवत नाही.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी तिसरीपर्यंत गेलो. अक्षरं येत होती, आकडे येत होते, पाट्या वाचता येत होत्या. पण जोडाक्षर आलं की माझी गाडी बंद. दोन अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलेली दिसली की घाम सुटे. परवान्याचा कागद तर अशा अक्षरांचं जंगल. मी तो हातात घेऊन पाहिल्यासारखं करो, मान हलवो, आणि खिशात ठेवो. हे कोणाले माहीत नव्हतं. बायकोलेही नाही, असं मी समजत होतो. मोठा ड्रायवर, त्याले वाचता येत नाही, हे कोणाले कळू देईल का कोणी?

बाकी ड्रायवरांले बाबू परवाना देऊन दोन शब्द बोले आणि सोडून दे. मले मात्र वरून एक चिठ्ठी. चिठ्ठी म्हणजे गंमतच. पहिलीतल्या पोरासाठी काढावी तशी बोटभर मोठी अक्षरं, तुटक तुटक शब्द. "पुढे वळण. हळू. डावी तार. काठी लाव. मग जा." एकदा ती चिठ्ठी चहाच्या टपरीवर पडली, आणि पायलट गाडी चालवणाऱ्यानं, म्हणजे ट्रेलरच्या पुढे लाल झेंडी घेऊन जाते त्या जीपवाल्यानं, ती उचलली.

"काय गा, हा बाबू पहिलीत नापास झाला होता काय?"

सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. मले वाटे, माझा माल सगळ्यांत वजनदार, म्हणून मले वेगळी चिठ्ठी.

आता त्या पुलाची गोष्ट.

पारशिवनीच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीवर एक नाला आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तिथले लोक मले अजून ओळखतात. मोठ्या रस्त्यावरचे पूल उंचीले कमी पडत, म्हणून उंच माल या जुन्या रस्त्यानं जाये. नाल्यावर पूल होता, पण आम्ही कधी त्यावर चढलो नाही. हद्द पुलाच्या बरोबर मधातून. इकडचे म्हणत, आमचा अर्धा मजबूत आहे, त्यांच्या अर्ध्याचं त्यांना विचारा. तिकडचे म्हणत, तेच. अर्ध्या पुलावरून कोणता ट्रेलर जाते? म्हणून वीस वर्षं मी पुलाच्या बाजूनं नाल्यात उतरलो. मुरूम टाकायचा, लोखंडी पाट्या अंथराच्या, आणि पुलाखालच्या कोरड्या पात्रातून पलीकडे चढायचं. हे दुसऱ्या कोणाले जमत नव्हतं. त्या नाल्याले यार्डात माझ्या नावानं ओळखत.

बाबूनं दोन वर्षं पत्रं लिहून लिहून दोन्हीकडचे इंजिनिअर एकाच दिवशी त्या पुलावर आणले. मी त्याले जीपमध्ये घेऊन गेलो होतो. इकडचे साहेब इकडून आले, तिकडचे तिकडून, आणि दोघंही आपापल्या टोकाले उभे. बाबूनं खिशातून सूत काढलं, एक टोक या कठड्याले बांधलं, दुसरं त्या कठड्याले, मग सोडवून दुमडलं आणि म्हणे, "मध इथं आहे साहेब."

तिकडचे साहेब आले. "नहीं भाई. हमारे कागज में बीचवाला खंभा पूरा हमारा है।"

इकडचे म्हणे, "असं कसं? खांब आम्ही रंगवतो."

"रंगाते आप हैं, नापते हम हैं।"

बाबूनं किटलीतून दोन कप चहा ओतला आणि त्या भांडणाच्या खांबावरच कठड्यावर ठेवला. दोघांनी कप उचलले, प्यायले, परत ठेवले. मग हा म्हणते, "साहेब, तुमचे कप एका पुलावर आहेत का दोन पुलांवर? खांबाले वजन कोणत्या राज्याचं वाटते, ते त्याले विचारून पाहा."

तिकडचे साहेब आधी हसले. मग इकडचे. मग दोघंही वाकून एकाच खांबाकडे पाहाले लागले. हे मी डोळ्यानं पाह्यलं. मी खाली नाल्यात उतरलो, मुरूम पाहण्याच्या निमित्तानं. ते वर काय ठरवतात ते ऐकाले थांबलो नाही. परत येताना बाबू जीपमध्ये सांगाले लागला, "भाऊ, साहेब म्हणाले..." मी म्हणलं, "बाबू, गियर खराब आहे, मले आवाज ऐकू द्या." तो गप बसला. गियर चांगला होता.

चार-आठ दिवसांत यार्डात गोष्ट पसरली की तीन राज्यांचे अधिकारी नागपुरात बसणार आहेत. सगळ्यांचा एक फॉर्म, एक तारीख, एक परवाना, असं काही करता येते का पाहाले. पुलाचं कसं जमवलं ते सांगाले मालवाहतूकवाल्यांकडून एक माणूस पाहिजे. मालक म्हणे, "बाबूच जाईल. या फेरीचा माल पोचला की." बाबूनं त्या दिवशी नवीन चपला घेतल्या. सभेत काढून बसणार होता बहुतेक. मी मनात म्हणलं, वीस वर्षं नाल्यात चाकं घातली, त्याची कोणी सभा भरवली नाही.

ती फेरी माझीच होती. दोन्ही परवाने बरोबर एका तारखेचे. निघताना बाबूनं चिठ्ठी दिली, आणि चिठ्ठीच्या शेवटी होतं:

"नाला. पूल खाली. मग जा."

मी वाचलं आणि मले लय बरं वाटलं. म्हणलं, इतके साहेब आणले, चहा पाजला, सूत ताणलं, आणि शेवटी पुलाखालूनच ना? माझ्या नाल्यातूनच ना?

नाल्यापाशी पोचलो तर दुपार. पायलट जीप नेहमीसारखी पुलावरून पलीकडे जाऊन थांबली. पुलाच्या दोन्ही टोकांले दोन-दोन शिपाई, गाड्या अडवून उभे. पुलावर चिटपाखरू नाही. एकदा मनात आलं की हा पूल कोणासाठी मोकळा ठेवून राहिले? माझ्यासाठी तर नाही? फोन वरच्या खिशात होता. एक बटन दाबलं असतं तर बाबूनं सांगतलं असतं. पण विचारलं असतं तर त्याले कळलं असतं की चिठ्ठी मले समजली नाही. आणि सभेच्या आधी त्याले मी विचाराचं? मागच्या फेरीचा मुरूम होताच; मी स्टिअरिंग डावीकडे घेतलं आणि नाल्यात उतरलो.

वरच्या तलावाचं पाणी चार दिवसांआधी शेतीसाठी सोडलं होतं. पात्र वरून कोरडं, आतून मऊ शिरा. समोरच्या चाकांच्या आठ रांगा रुतल्या. ट्रान्सफॉर्मर एका बाजूले कलला आणि तसाच राहिला, म्हाताऱ्या माणसासारखा.

सहा दिवस तो तिथं होता. तिसऱ्या दिवशी दोन्ही परवाने संपले. मग नाल्याचा मध कुठं, यावर नवीन भांडण. इकडचे म्हणत गाडीचं तोंड तिकडं आहे, तिकडचे म्हणत चाकं इकडं आहेत.

गाडी रुतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मालक आला, सोबत बाबू. मालक काठावरूनच ओरडला, "पूल सोडून नाल्यात काहून घातली? सारी दुनिया पुलावर तुमची वाट पाहून राहिली होती."

मी खिशातून चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली.

मालकानं वाचली. "पूल खाली, मग जा." मग बाबूकडे पाह्यलं. "हे काय लिहिलं तुम्ही?"

तेव्हा मले समजलं. खाली म्हणजे रिकामा. हिंदीत म्हणतात तसं, आपणही नागपुरात म्हणतो तसं. गाडी खाली झाली, घर खाली झालं. पूल खाली होऊ दे, मग जा. इतकं साधं होतं. पण माझ्या डोक्यात वीस वर्षं खाली म्हणजे नालाच होता.

बाबूनं चिठ्ठी घेतली. वाचली. मग माझ्याकडे पाह्यलं. फार वेळ पाह्यलं. मी त्याच्या नव्या चपलांकडे पाहत होतो, त्या चिखलानं भरल्या होत्या.

"माझं चुकलं मालक," तो म्हणे. "रिकामा लिहाले पाहिजे होतं."

"अशी लहान पोरासारखी चिठ्ठी लिहितेच कोण?" मालक म्हणे. "पूर्ण वाक्य लिहिता येत नाही तुम्हाले? परवान्यावर सारं छापलेलं असताना?"

बाबूनं चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. एक वाक्य माझ्या तोंडात होतं. ते मी गिळलं.

बाबूले घरी बसवलं. सभेले मी गेलो.

जे मले पाहिजे होतं ते मिळालं, असं म्हणा. सिव्हिल लाइनमधला हॉल, पांढरे कपडे घातलेल्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. सकाळी बाबू उमरेडहून बसनं आला होता, सगळ्या पत्रांची फाइल माझ्या हातात देऊन गेला. "यात सारं आहे भाऊ. साहेबांनी विचारलं तर उघडून दाखवजा." आत गेलो, बसलो, आणि करायले काही नव्हतं म्हणून फाइल उघडली.

पहिलं पत्र बाबूच्या हातचं. अक्षर असं की मोत्याची माळ. बारीक, सरळ, एका ओळीत दहा-दहा जोडाक्षरं. दुसरं तसंच. तिसरं हिंदीतलं, तेही तसंच. ट्रान्सफॉर्मर, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, रस्ता, स्थापत्य, एकेक शब्द डोंगरासारखा. मी वाचू शकलो नाही, पण ओळखू शकलो. चिठ्ठीत यातला एक शब्द कधी नव्हता. रस्ता नव्हता, वाट होती. मध्य प्रदेश नव्हता, तिकडे होतं. ट्रान्सफॉर्मर नव्हता.

पाहुणा होता.

ज्याले त्या शब्दावरून सारे हसत, त्यानं तो शब्द माझ्यासाठी शोधला होता. लिहून लिहून त्याच्या तोंडात बसला, इतकंच. किती वर्षांपासून माहीत होतं त्याले? बहुतेक पहिल्या दिवसापासून. मी परवाना उलटा धरला असेल एखाद वेळेस.

तितक्यात एका साहेबानं विचारलं, "चालकांचा काही अनुभव?"

मी उठलो. म्हणलं, "साहेब, तुमच्या नव्या फॉर्मवर बाकी काहीही लिहा, खाली हा शब्द लिहू नका."

"क्यों?" तिकडचे साहेब म्हणे. पुलावर चहा पिणारे तेच.

"तुमचा खाली रिकामा असते, आमचा खाली बुडाशी असते. एक ड्रायवर पूल सोडून नाल्यात गेला."

सारा हॉल हसला. "कौन था वो?"

"होता एक," मी म्हणलं, आणि मीही हसलो.

त्यांनी ते लिहून घेतलं. आता परवाने काम्प्युटरवर निघतात, राज्याराज्यात धावावं लागत नाही, आणि अशा जागी पूल रिकामा करून की बाजूच्या रस्त्यानं, हे वेगळं लिहून येते. मालकानं मले शाल-नारळ दिलं. म्हणे, अनुभव तो अनुभव. भिंतीवरचे धागे नवीन रंग देताना काढले. छिंदवाड्याचा तेवढा मी घरी आणला. काहून आणला, विचारू नका.

त्यानंतर मी रोज पेपर घेऊन बसाले लागलो. बायको विचारे, काय पाहून राहिले? मी म्हणो, संत्र्याचा भाव. खरं म्हणजे निधनाचं पान पाहत होतो. श्रद्धांजली, अंत्ययात्रा, स्वर्गवासी, मृत्यू. साऱ्यात जोडाक्षर, आणि रोज तेच तेच. मेलेल्या लोकांनी मले शिकवलं. एक दिवस ही स्वयंपाकघरातून म्हणे, "अंत्ययात्रा बरोबर वाचलं जी आता." तिलेही माहीत होतं. साऱ्या दुनियेले माहीत होतं.

या हिवाळ्यात उमरेडले गेलो. सोबत सांबारवडीचा डबा. तो ओट्यावर बसून सुताची गुंडी करून राहिला होता. त्याची बायको वारली होती. मले पाहून उठला, खुर्ची दिली, स्वतः खाली बसला. तिथंही त्याचंच वरचढ.

"पूल कसा आहे भाऊ?"

"आहे. सारे आता वरूनच जातात."

"रिकामा करून?"

"हाव. रिकामा करून."

दोघंही थोडं हसलो. मग मी म्हणलं, "बाबू, मालकाले काहून नाही सांगतलं? एक वाक्य बोलले असते तर तुमची नोकरी राह्यली असती, सभेत तुम्ही गेले असते."

तो गुंडी गुंडाळत राहिला. म्हणे, "तुम्ही कोणाले सांगतलं नव्हतं. मग ते सांगाचा परवाना माझ्यापाशी कुठून आला?"

मले राग आला. खरंच आला. माणसानं इतकं चांगलं राहू नये, समोरच्याले जागाच उरत नाही. मी म्हणलं, "मले आता येते वाचता. जोडाक्षर, सारं."

"हो का?" तो आत गेला. पेटीतून एक कागद आणला. कारकून माणूस, प्रत ठेवलेली. मालकाले तेव्हा दिलेलं पत्र होतं. "वाचा मग."

मी वाचलं. मोठ्यानं, बोट ठेवून. "माझ्या चिठ्ठीतील सं... संदि... संदिग्ध शब्दामुळे हे घडले. चालकाने चिठ्ठीप्रमाणेच कृती केली. त्यांच्यावर दोष येऊ नये. त्यांच्यासारखा कुशल चालक या प्रांतात दुसरा नाही."

"संदिग्ध म्हणजे?" मी विचारलं.

"ज्याचे दोन अर्थ निघतात ते."

मी कागद परत दिला नाही, हातातच ठेवला. मले कुशल म्हणणारा कागद माझ्या उभ्या जन्मात हा एकच. तो लिहिला तर तोही त्यानंच लिहिला. मले अजून समजत नाही की मोठी गाडी मी चालवली, तर मोठेपण सारं यानं कसं उचललं.

खाली त्याची सही होती. नावात एक जोडाक्षर, आडनावात एक. दोन्ही मी न अडखळता वाचली, त्याच्या तोंडासमोर. तो म्हणे, "बरोबर."

तरी इथं ते नाव मी लिहीत नाही. लिहिता येत नाही असं कोणी समजू नये. येते. पण लिहिलं तर वाचणारे सारे त्याचंच नाव घेतील, आणि ते मले अजून सहन होत नाही.